फुकटच्या धावा

ग्रॅहमनं तिसरा फुलटॉस टाकला तेव्हा बाबांनी चष्मा काढला, रुमालानं पुसला आणि पुन्हा डोळ्यांवर चढवला. दोष काचेत असावा, एवढीच आशा त्यांना उरली होती.

चौथा चेंडूही तसाच आला. कमरेच्या उंचीवर, संथ, ताटात लाडू वाढावा तसा. बॅट्समननं तो पॅव्हेलियनच्या छपरावर भिरकावला. कुणी टाळी वाजवली नाही, कुणी हळहळलंही नाही. पुढच्या बाकावर एक म्हातारी विणत बसली होती, तिनं मानसुद्धा वर केली नाही.

"हेमा," बाबा म्हणाले, "तुझा नवरा हे काय करून राहिला?"

मी म्हटलं, नंतर सांगते. पण ते नंतरवर थांबणाऱ्यांतले नव्हते. ग्रॅहमला ताप आहे का, खांदा दुखतोय का, रात्री नीट झोपला होता का, असं एकेक विचारत राहिले आणि मी प्रत्येकाला नाही म्हणत राहिले. तेवढ्यात ग्रॅहमनं आणखी एक फुलटॉस टाकला आणि चेंडू आणायला कुंपणाकडे कोण जातंय हे पाहत कमरेवर हात ठेवून शांत उभा राहिला. त्याचा तो शांतपणा पाहून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कारण तो काय करतोय हे बाबांना कळत नव्हतं. मला चांगलं कळत होतं.

ही गोष्ट चौऱ्याऐंशी सालच्या सप्टेंबरातली. उत्तर इंग्लंडमधलं गाव होतं. ग्रॅहमच्या कौंटी संघाचं नाव मुद्दाम सांगत नाही, त्यातली काही माणसं अजून हयात आहेत आणि नाताळला कार्ड पाठवतात.

मी नागपूरची. एक्स-रेचं शिक्षण घेऊन इंग्लंडमधल्या त्या गावच्या इस्पितळात नोकरीला लागले होते. एके दिवशी ग्रॅहम ऑल्डरसन नावाचा उंच, लाजरा माणूस पाठ धरून आला. फोटोत त्याच्या मणक्याला बारीक चीर दिसत होती. डॉक्टरांनी त्याला सांगितलं, चांगले दीड-दोन महिने विश्रांती घे. पुढच्याच शनिवारी तो मैदानात बॉलिंग टाकत होता, कारण कॅप्टननं विचारलं होतं. खरं तर मी तेव्हाच सावध व्हायचं. मी लग्न केलं.

बाबांनी दोन वर्षं अबोला धरला. शरद पांढरीपांडे यांच्या मुलीनं गोऱ्याशी लग्न केलं, ही बातमी धरमपेठेत त्यांच्याआधी दुसऱ्यांना कळली, याचा राग जास्त होता. दिवसा ते सरकारी कचेरीत असत आणि रविवारी पांढरा कोट घालून अंपायर. सख्ख्या धाकट्या भावाला त्यांनी एकदा शून्यावर पायचीत दिलं होतं, त्या वर्षी काका दिवाळीला फिरकले नव्हते. असा माणूस. दोन वर्षांनी फोनवर माझ्याशी बोलले तेव्हा पहिला प्रश्न असा, की बॉलर म्हणतेस, तर फास्ट की स्पिन? मी म्हटलं, मध्यमगती, आउटस्विंग टाकतो. ट्रंककॉलवर बराच वेळ नुसती खरखर ऐकू आली. मग ते म्हणाले, "बरं." माझ्या लग्नाला मान्यता मिळाली ती अशी.

ग्रॅहमबद्दल सांगायचं तर त्याला 'नाही' हा शब्द येत नसे. आमचं मैदान टेकडीवर. माळावरून सतत वारा यायचा. एका टोकानं बॉलिंग टाकली की वारा पाठीत, दुसऱ्या टोकानं टाकली की तोंडावर. पाठीतल्या वाऱ्याचं टोक नाव असलेल्या बॉलरांचं, तोंडावरच्या वाऱ्याचं ग्रॅहमचं. बारा-तेरा वर्षं हेच चाललं होतं. संघाची व्हॅन चालवायची तर ग्रॅहम, विसरलेली बॅग आणायला परत जायचं तर ग्रॅहम, समोरचा बॅट्समन पिसाळला की चेंडू ग्रॅहमच्या हातात. मी म्हणायचे, एकदा, फक्त एकदा नाही म्हणून बघ, आभाळ कोसळत नाही. तो बूट पुसता पुसता म्हणायचा, "कुणीतरी टाकायलाच हवं ना, हेम."

त्या वर्षी तो चौतिशीचा झाला होता. करार मोसमाबरोबर संपत होता आणि पुढच्या मंगळवारी कमिटी बसणार होती. कमिटीतले निम्मे लोक मैदानावर येत ते जेवायला. ते पाहणार काय, तर सरासरीचे आकडे. ग्रॅहमचे आकडे अगदी काठावर होते, आणि मोसमातला हा शेवटचा सामना होता.

बाबांना मी त्याच उन्हाळ्यात बोलावून घेतलं, हा माझा शहाणपणा. ते आले तेव्हा ग्रॅहमची मांडी दुखावली होती. मांडी बरी झाली तर सामने दूर गावी. बाबा आल्यापासून खिडकीत बसून आभाळ बघत आणि संध्याकाळी माझ्यामार्फत जावयाची चौकशी करत. माझ्यामार्फत, कारण बाबांचं इंग्रजी सरकारी फायलींतलं आणि ग्रॅहमचं इंग्रजी तोंडातल्या तोंडात. बाबा विचारायचे, "डझ ही फाइंड द प्रिव्हेलिंग ब्रीझ डेट्रिमेंटल?" ग्रॅहम माझ्याकडे बघायचा. मी पोळी लाटता लाटता इकडचं तिकडे करायचे. वाऱ्याचा त्रास होतो का, असं विचारतायत. तो म्हणतोय, वाराच तर आहे. दिवसभर इस्पितळात उभं राहून घरी आल्यावर हा दुभाष्याचा धंदा. दोघांच्या मध्ये मी कपड्यासारखी वाळत पडले होते.

शेवटी हा घरच्या मैदानावरचा सामना आला. तीन दिवसांचा, बुधवार ते शुक्रवार. रविवारी बाबांचं विमान. पहिल्या दिवशी समोरच्या संघानं बॅटिंग केली, ग्रॅहमनं वाऱ्याविरुद्ध टाकत दोन चांगल्या विकेट काढल्या, आणि बाबा म्हणाले, "लेंग्थ बरी आहे." त्यांच्या तोंडून एवढं म्हणजे शाल-श्रीफळ. गुरुवारी दिवसभर पाऊस. मी कामावर होते. खेळ होणार नाही हे शेंबड्या पोरालाही कळत होतं, पण बाबा छत्री घेऊन ग्रॅहमबरोबर गेलेच आणि संध्याकाळी दोघं शिंकत परत आले. दुभाषी नव्हता, तेव्हा दिवसभर मुक्यासारखे बसून ओलं गवत बघत असतील, असं मी धरून चालले.

शुक्रवारी लख्ख ऊन पडलं, आणि दोन्ही कॅप्टननी सकाळी चहा घेता घेता काय ते ठरवून टाकलं.

हे ठरवणं काय असतं, ते आता मला भर सामन्यात बाबांना समजावून सांगायचं होतं. पावसात वेळ गेला की सामना अनिर्णित सुटणार, कुणालाच काही मिळणार नाही. म्हणून कॅप्टन आपसांत सौदा करत. आमच्या संघानं चार चेंडू खेळून डाव सोडून द्यायचा. मग समोरच्यांना सोपे चेंडू टाकून भराभर धावा करू द्यायच्या. पुरेशा धावा झाल्या की त्यांनीही डाव सोडायचा आणि आम्हाला संध्याकाळपर्यंत गाठता येईल असं आव्हान द्यायचं. तिथून पुढे खरा सामना. असले चेंडू टाकायला बहुधा एखादा बॅट्समन उभा करत, ज्याला बॉलिंगच्या आकड्यांशी देणंघेणं नाही. पण आदल्याच महिन्यात अशा एका सामन्यावर पेपरांनी झोड उठवली होती. निदान एका टोकानं तरी खरा बॉलर दिसायला हवा होता.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे तो मुद्दाम असं टाकून राहिला?"

"हो."

"हे सगळ्यांना माहीत आहे?"

"सगळ्यांना."

"अंपायरलाही?"

मी मान हलवली. बाबांनी मैदानातल्या अंपायरकडे पाहिलं. तो पांढऱ्या कोटाच्या खिशात हात घालून पुढच्या चेंडूची वाट पाहत होता. बाबा उठले, छत्री घेतली, डब्याची पिशवी घेतली आणि फाटकाकडे चालू लागले.

मी त्यांच्यामागे धावले. बस येईपर्यंत थांब्यावर आमचं भांडण झालं. खरं म्हणजे माझंच झालं, ते थोडंच बोलले. मी सांगत होते की इथं हे चालतं, यात कुणी कुणाला फसवत नाही. ते म्हणाले, चालतं तर पुष्कळ काय काय. ग्रॅहमचा बचाव करायची मला काडीची इच्छा नव्हती. त्या एका तासात त्याच्या मोसमाची माती होणार होती, मंगळवारी कमिटी तो आकडा बघणार होती, आणि हे ठाऊक असून तो गडी तिथं लाडू वाढत होता. बाबांपेक्षा मीच जास्त चिडले होते. तरी वकिली माझ्याच गळ्यात आली होती.

घरी आल्यावर बाबा वर जाऊन बॅग भरायला लागले, विमानाला दोन दिवस बाकी असताना. मी स्वयंपाकघरात गावचा रेडिओ हळू आवाजात लावला. आव्हान मोठं होतं, तरी आमचा संघ त्याच्यामागे चांगला लागला होता. मग पटापट विकेट पडल्या. कणीक मळून झाली, भाजी फोडणीला घातली, आणि रेडिओवरचा माणूस ओरडून सांगायला लागला की शेवटचा बॅट्समन ऑल्डरसन मैदानात उतरतोय. वरून बाबांचा आवाज आला, "हेमा, बंद कर ते." मी आवाज आणखी कमी केला आणि कान रेडिओला लावला. शेवटच्या षटकात ग्रॅहमच्या पॅडला लागून चेंडू मागे गेला, दोघं जिवाच्या आकांतानं पळाले आणि आम्ही जिंकलो. मी लाटणं घट्ट धरून तशीच उभी होते. भाजी करपली.

ग्रॅहम आला तो केस ओले, नाक उन्हानं लाल. दारातूनच त्यानं विचारलं, "मिस्टर पांडे कुठायत? कसा वाटला त्यांना शेवट?" पांढरीपांडे त्याच्या जिभेला कधी जमलंच नाही.

मी म्हटलं, त्यांनी शेवट पाहिला नाही. तुझ्या पहिल्याच ओव्हरनंतर ते उठून गेले. आत्ता वर बॅग भरतायत.

तो खुर्चीवर बसला. बुटाची नाडी सोडायला वाकला आणि तसाच वाकून राहिला.

मग मी त्याला सोडलं नाही. इतक्या वर्षांचं सगळं बाहेर काढलं. वारा काढला, व्हॅन काढली, मणक्याची चीर काढली. संघात दुसरे बॉलर नव्हते का, असं विचारलं.

"विचारलं होतं रॉजरनं," तो म्हणाला. रॉजर म्हणजे त्यांचा कॅप्टन. "आधी दोघांना विचारलं. दोघांनीही नाही सांगितलं."

"त्यांना नाही म्हणता येतं. तू का हो म्हणालास?"

"मीही नाहीच म्हणणार होतो, हेम. मंगळवार मलाही कळतो." नाडीची गाठ त्याच्या हातून सुटेना. "पण काल तुझे बाबा बोलले माझ्याशी."

मी विचारलं, कुठल्या भाषेत? तो म्हणाला, इंग्रजीतच. ते हळूहळू बोलले, मीही हळू बोललो. पाऊस होता, घाई कुणालाच नव्हती.

बाबांनी त्याला सांगितलं ते मी उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं. तीस वर्षं ते मैदानाच्या मधोमध उभे राहिले, पण सामना असा त्यांनी कधी पाहिलाच नाही. अंपायर बॉलरचा पाय बघतो, रेघ बघतो, चेंडू मोजतो. सामना बघायला त्याला डोळे उरत नाहीत. आता निवृत्त झाले, कुणी बोलावत नाही. एकदा खुर्चीत बसून एक सामना पहिल्यापासून शेवटपर्यंत बघावा, कशाचाही निकाल आपण द्यायचा नाही, आणि शेवटी जावयाला मैदानातून बाहेर येताना बघावं, एवढ्यासाठी ते विमानात बसले होते. पुन्हा एवढा प्रवास होणार नाही, असंही म्हणाले होते.

"आज चहाला हात मिळवून सगळे घरी गेले असते," ग्रॅहम म्हणाला. "सामनाच झाला नसता. कुणीतरी टाकल्याशिवाय होणार नव्हता."

लाटणं कुणाच्या डोक्यात घालावं, मला कळेना. मी म्हटलं, अरे मग त्यांना आधी सांगायचंस. तो म्हणाला, सांगितलं असतं तर त्यांनी टाकू दिलं नसतं. हे मात्र खरं होतं.

मी वर गेले. बाबा भरलेल्या बॅगेशेजारी पलंगावर बसले होते. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं, करार, मंगळवार, दोघांनी दिलेला नकार आणि पावसातलं बोलणं. बाबांनी बॅगेचा पट्टा ओढून घट्ट केला.

"जे झालं ते चूकच," ते म्हणाले. मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांनी हात वर केला. "पण मी तिथं अंपायर होऊन बसलो. त्यानं मला खुर्ची दिली होती."

ते जेवायला खाली आले. त्या चेंडूंचा विषय काढला नाही. करपलेल्या भाजीतली वरची चांगली भाजी मात्र त्यांनी स्वतःच्या हातानं त्याच्या ताटात वाढली. मग घास घेऊन, माझ्याकडे न बघता, थेट त्यालाच विचारलं की उद्या जवळपास कुठे एखादा सामना आहे का.

शनिवारी आम्ही ग्रॅहमच्या जन्मगावी गेलो. चर्चसमोरचं हिरवं मैदान, एका बाजूला पब, कुंपणाशी बांधलेलं एक घोडं. शेजारच्या गावाशी सामना होता. यजमानांचा एक गडी आला नव्हता. ग्रॅहमला बघताच त्यांनी त्याला धरलं, आणि तो अर्थातच हो म्हणाला. मी कपाळाला हात लावला. मग कुणाला तरी कळलं की हे म्हातारे गृहस्थ अंपायर आहेत, आणि त्यांचाही एक अंपायर कमीच होता. गावचा कॅप्टन पांढरा कोट घेऊन बाबांपुढे उभा राहिला.

बाबांनी कोटाकडे पाहिलं. त्यांनी बाहीचं कापड बोटांत धरून बघितलं. ते तो अंगावर चढवणार याबद्दल मला शंका नव्हती.

"नो, थँक यू," ते म्हणाले. "टुडे आय ॲम वॉचिंग."

ते घडीच्या खुर्चीत बसले आणि उठलेच नाहीत. मी काही बोलायला लागले की हातानंच गप्प करायचे. एकदा त्यांनी मला विचारलं, या ओव्हरमधले किती चेंडू राहिले. मी म्हटलं, मला काय माहीत, तुम्ही मोजले नाहीत? "नाही बुवा," असं म्हणून ते हसले. त्या सबंध मुक्कामात त्यांना हसताना मी तेव्हाच पाहिलं.

मंगळवारी फोन आला तो अपेक्षेप्रमाणेच. कमिटीनं आकडे पाहिले होते, आणि शुक्रवारी काय घडलं ते सांगायला कॅप्टन रॉजर स्पेनच्या समुद्रावर होता. ग्रॅहम "ठीक आहे" म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला. पुढे तो एका शाळेत मुलांना खेळ शिकवायला लागला, अजून लोक त्याला तिथं ओळखतात. पण ते सगळं नंतर. शनिवारी ऊन उतरलं तेव्हा सामना अगदी रंगात आला होता. पाहुण्यांना जिंकायला थोड्याच धावा हव्या होत्या, आणि त्यांची शेवटची जोडी मैदानात होती. बॅटिंगला आले ते पाहुण्यांच्या गावचे पाद्री. वय सत्तरीच्या पुढे, गुडघे आखडलेले, पॅड बांधायलाही दुसऱ्यानं मदत केलेली. चेंडू ग्रॅहमच्या हातात होता.

गावचा कॅप्टन त्याच्याजवळ गेला. आम्ही बसलो होतो तिथून त्यांचं बोलणं ऐकू येत होतं. तो म्हणत होता, जरा जपून रे, म्हाताऱ्याला एखादा सोपा टाक, धाव काढू दे, दुसऱ्याला आपण बाद करू.

ग्रॅहमनं मान हलवली. माझा विश्वास बसेना, म्हणून मी नीट पाहिलं. मान वर-खाली नाही, आडवी हलली होती.

"नाही," तो म्हणाला.

तो आपल्या खुणेपर्यंत मागे गेला, पूर्ण धाव घेऊन आला आणि त्यानं चेंडू टाकला. चेंडू सरळ आला, शेवटच्या क्षणी बाहेर वळला, आणि ऑफ स्टंप उखडून मागे जाऊन पडला. कॅप्टननं डोळे मिटून घेतले.

पाद्री वळून त्या पडलेल्या स्टंपकडे बघत राहिले. मग बॅट काखेत मारून आखडत्या गुडघ्यांनी चालत थेट ग्रॅहमकडे गेले आणि त्याचा हात त्यांनी आपल्या दोन्ही हातांत धरला. चेहरा असा उजळला होता, की कुणी बघितलं असतं तर म्हटलं असतं, सामना यांनीच जिंकला. नंतर आम्हाला कळलं, मरेपर्यंत ते लोकांना सांगत होते की त्यांची विकेट कौंटीच्या बॉलरनं काढली, आणि चेंडू खेळण्यासारखा नव्हताच.

बाबा खुर्चीतून उठले होते. ग्रॅहम दोरीपर्यंत चालत येईपर्यंत ते टाळ्या वाजवत राहिले, एकटेच, अगदी एका लयीत. तो जवळ आल्यावर दोघं काहीतरी हळूहळू बोलत गाडीकडे निघाले. खुर्ची, छत्री, डब्याची पिशवी आणि ग्रॅहमची किट, सगळं माझ्याकडे टाकून.

मी ते ओझं सावरत मागून चालले होते आणि मनातल्या मनात चडफडत होते. सगळ्या आयुष्यात माझा नवरा एकदाच नाही म्हणाला, आणि तेही कुणाला, तर एका सत्तरीच्या पाद्र्याला.